नाताळ ते ३१ डिसेंबर: मधले निवांत दिवस आले कुठून, आणि घरात ते कोणाच्या वाट्याला येतात?

नाताळ होऊन गेलेला असतो आणि थर्टी फर्स्टला अजून तीन-चार दिवस असतात. ऑफिसचा ग्रुप थंड पडलेला. कॉन्व्हेंटमधल्या मुलांना सुट्टी. घरातली मंडळी स्वेटर घालून उशिरापर्यंत चहा घेत बसलेली. ना सण, ना कामाचा दिवस. आपल्याकडे या दिवसांना नाव नाही, पण युरोपातल्या अनेक भाषांमध्ये आहे. त्या नावांमागे कॅलेंडर आहे, हवामान आहे आणि काम कोणी करायचं हा जुना प्रश्नही आहे.

या दिवसांना काय म्हणतात?

जर्मनीत या काळाला 'त्स्विशेन डेन यारेन' म्हणतात. अर्थ सरळ आहे: दोन वर्षांच्या मध्ये. नॉर्वेत 'रोमयुल', तर स्वीडनमध्ये 'मधले दिवस' या अर्थाचा शब्द वापरतात.

जर्मन नाव पडलं ते कॅलेंडरच्या गोंधळातून. पूर्वी युरोपभर नवं वर्ष एकाच दिवशी सुरू होत नसे. कुठे ते २५ डिसेंबरला सुरू होई, कुठे १ जानेवारीला, कुठे ६ जानेवारीला. म्हणजे जुनं वर्ष संपलं, पण नवं सुरू झालं की नाही हे गावावर अवलंबून. मधले दिवस खरोखरच दोन वर्षांच्या मध्ये अडकलेले असत.

हवामानाचाही भाग होताच. डिसेंबरअखेर पुण्यात साधारण ११ तास दिवस असतो, ऑस्लोत सहा तासही नाही. शेतं गोठलेली, दुपारी तीननंतर अंधार. घरात बसण्यावाचून पर्याय नव्हता.

काम न करण्याचा नियम कुठून आला?

२५ डिसेंबर ते ६ जानेवारी हा ख्रिस्ती परंपरेत १२ दिवसांचा उत्सव. गोव्यातही ६ जानेवारीला रेइश मागुश इथे 'तीन राजांचं फेस्त' होतं, ते याच उत्सवाचं शेवटचं टोक.

या काळाभोवती काम न करण्याचे नियम तयार झाले. आल्प्सच्या डोंगराळ भागात समजूत होती की या रात्री भुताखेतांची फौज आकाशातून जाते, म्हणून दोरीवर कपडे वाळत घालायचे नाहीत. भुतं अडकली तर घरावर संकट! कारण भुताचं, पण परिणाम असा की ऐन थंडीत घरातल्या बाईचं कपडे धुणं टळायचं.

इंग्लंडमध्ये ७ जानेवारीला 'सेंट डिस्टाफ डे' म्हणत. डिस्टाफ म्हणजे सूत कातताना लोकर गुंडाळून ठेवायची काठी. अशा नावाचा संत कधी नव्हताच. बायकांचं सूतकताई पुन्हा सुरू होण्याचा तो दिवस, म्हणून गमतीनं दिलेलं नाव. पुरुषांचा नांगर त्यानंतर, ६ जानेवारीनंतरच्या पहिल्या सोमवारी, पुन्हा बाहेर पडायचा.

आयर्लंडमध्ये, विशेषतः कॉर्क आणि केरी भागांत, ६ जानेवारीला 'बायकांचा नाताळ' असतो. सणाच्या दिवसांत बायका राबलेल्या असतात, म्हणून त्या दिवशी घरकाम पुरुषांनी करायचं आणि बायकांनी मैत्रिणींकडे जायचं, अशी प्रथा. म्हणजे १२ दिवस सुट्टी असली तरी स्वयंपाकघराला सुट्टी नव्हती, हे तिथल्या लोकांनाही ठाऊक होतं.

आपल्याकडे असे नियम आहेत का?

आहेत, फक्त डिसेंबरात नाहीत. नागपंचमीला चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही, शेतात नांगर घालायचा नाही. पोळ्याला बैलाला जुंपत नाहीत. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, किंक्रांतीला, शुभ काम सुरू करत नाहीत. या प्रत्येक नियमात काहीतरी थांबतं, आणि ते थांबवण्यासाठी कोणाची परवानगी मागावी लागत नाही.

मग डिसेंबरअखेर ऑफिसं रिकामी का होतात?

त्याचं एक कारण कायद्यात आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार, २० किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या आस्थापनांत वर्षाला आठ पगारी किरकोळ रजा मिळतात. त्या वापरल्या नाहीत तर वर्षअखेरीस बाद होतात. अर्जित रजा मात्र ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. त्यामुळे 'सीएल संपवायच्या आहेत' हे डिसेंबरातलं पेटंट वाक्य.

ही सोय सगळ्यांना नाही. डिलिव्हरी, हॉटेल, हॉस्पिटल, सुरक्षा या क्षेत्रांत उलट याच आठवड्यात कामाचा ताण वाढतो.

आणि घरात सुट्टी कोणाला?

इथे आकडे बोलके आहेत. केंद्राच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात, पुरुष ८८ मिनिटं. फरक २०१ मिनिटांचा, म्हणजे जवळपास साडेतीन तासांचा.

सगळे घरी असले की हे काम कमी होत नाही, वाढतं. डबे नसतात, पण नाश्ता दोनदा होतो. चहा चार वेळा. 'आज जरा गरम गरम भजी होऊ दे' ही फर्माईश सोफ्यावरून येते. कंपनीनं मुलाला किंवा सुनेला दिलेली रजा आईपर्यंत पोहोचतच नाही. सून नोकरी करत असेल तर बऱ्याचदा तिच्यापर्यंतही नाही.

एक दिवस करून बघायचा असेल तर?

'आई, तू आज आराम कर' असं म्हणून सहसा काही होत नाही. कारण मग 'जेवायचं काय?' हा प्रश्न तिलाच पडतो. नागपंचमीसारखा नियमच लावला, तर तो प्रश्न आदल्या दिवशीच सुटतो.

• २६ ते ३१ डिसेंबरमधला एक दिवस आधी ठरवा.
• आदल्या संध्याकाळी भाजी निवडणं, चिरणं, कुकरची तयारी घरातल्या बाकीच्यांनी करावी.
• त्या दिवशी एकच जेवण, एकाच भांड्यात: खिचडी, मसालेभात किंवा वरणफळं.
• चहा ज्याला हवा त्यानं सगळ्यांसाठी करायचा, आणि भांडीही त्यानंच घासायची.
• मदतनीस मावशींनाही त्या दिवशी पगारी सुट्टी द्या. नाहीतर आपली सुट्टी त्यांच्या खात्यावर पडते.

या वर्षीचा दिवस ठरवताना तारीख कोणी निवडायची, हेही आधी आईलाच विचारा. तिला कदाचित ३० तारीख हवी असेल, कारण ३१ ला पाहुणे येणार आहेत हे फक्त तिच्याच लक्षात असेल.