पत्र्याची पांढरी धूळ

गेल्या उन्हाळ्यात तुळजापूर तालुक्यातील आमच्या गोठ्यावर सिमेंटचे पत्रे घालावयाचे ठरले. मिस्त्रींनी विजेचे कटर लावले आणि घटकाभरात अंगणाची पिठाची गिरणी झाली. मिस्त्रींच्या मिशा, भुवया, सारे पांढरे!

"मिस्त्री, तोंडाला काही बांधा की!" मी म्हणालो.

"गुरुजी, ईस वर्सं हेच करतोय. काय धाड भरलीय मला?"

त्या वीस वर्षांतच खरी मेख आहे. आपल्याकडील सिमेंटच्या पत्र्यांत बहुधा ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. डोळ्यांना न दिसणारा हा तंतू फुफ्फुसात रुतला की तेथेच ठाण मांडतो. त्याने होणारा कर्करोग बहुधा वीस ते चाळीस वर्षांनी प्रकटतो. त्यात बिडीची सोबत असली तर धोका कितीतरी पटींनी वाढतो.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९७४ साली जिनिव्हा येथे यासाठी १३९ क्रमांकाचा करार संमत केला. त्यातील मागण्या अगदी साध्या आहेत. कर्करोग घडवणाऱ्या पदार्थाऐवजी निरुपद्रवी पदार्थ वापरा. ते न जमल्यास थोडी माणसे, थोडा वेळ. कामगाराला धोका सांगा, नोंद ठेवा, आणि काम सुटल्यावरही त्याची तपासणी करा. बेन्झीनसंबंधीचा करार भारताने १९९१ साली मान्य केला. हा करार आणि १९८६ चा ॲस्बेस्टॉसचा करार मात्र अद्याप मान्य केलेला नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यांना बजावले, की कामगाराच्या प्रकृतीची नोंद तो कामास लागल्यापासून किमान ४० वर्षे ठेवा.

पण आमच्या मिस्त्रींचा कारखाना कोणता? आज हे अंगण, उद्या ते! आमच्या जिल्ह्यातील भूम-परंड्याच्या खेड्यांतील कर्करोग्यांची नोंद शेजारच्या बार्शीत १९८७ पासून सुरू झाली, ही मोठीच गोष्ट. परंतु तेथे माणूस नोंदला जातो तो रोग जडल्यावर. धूळ खाणाऱ्याची नोंद त्याच्या कितीतरी आधी व्हावयास हवी.

हे सारे मी मिस्त्रींना सांगितले. त्यांनी कटर बंद केले. पत्रा धरून बसलेल्या आपल्या पोराकडे पाहिले आणि म्हणाले, "मग ह्ये आजवर कुणी सांगितलं का न्हाई, गुरुजी?"

मजजवळ उत्तर नव्हते. पोराला दूर बसवले. उरलेले पत्रे भिजवून हातकरवतीने कापले, धूळ न झाडता ओल्या फडक्याने टिपली. धुळीचे कपडे घरच्या धुण्यात मिसळू नका, असेही मी सांगितले.

रात्री हिशेबाच्या वहीत पत्र्यांच्या किमतीखाली मी तारीख घातली, बापलेकांची नावे लिहिली आणि पुढे लिहिले, 'पत्रे कापले, कोरडे तीन, ओले नऊ.' लक्ष्मीपूजनाला आता नवी वही येईल. जुनी मात्र मुलाला जपून ठेवावयास सांगितली आहे, चाळीस वर्षे.