क्रमांकांची वाट

बेल्जियमच्या लिम्बर्ग प्रांतात कालव्यांच्या काठाने, पाइनच्या अरण्यांतून व शेतांमधून सायकलीने हिंडणारा प्रवासी गावांच्या नव्हे, क्रमांकांच्या आधारे वाट काढतो. खाणअभियंता ह्यूगो बॉलेन यांस भूमिगत खाणींवरून सुचलेली ही पद्धती १९९५ साली तेथे सुरू झाली. प्रांतातील शेवटची कोळशाची खाण १९९२ मध्येच बंद पडली होती. मार्ग जेथे मिळतात त्या प्रत्येक स्थळास क्रमांक असतो आणि तेथील फलक केवळ लगतच्या क्रमांकांची दिशा दाखवितो. एकटा क्रमांक निरर्थक होय; शेजाऱ्यांशी असलेल्या संबंधानेच त्यास मूल्य लाभते. सोस्यूरच्या अभ्यासकांस हे अपरिचित नाही. मर्यादित क्रमांकांतून प्रवासी हवी तितकी मार्गवाक्ये रचू शकतो. मात्र या सोयीची किंमत पडतेच. कालव्याकाठच्या वाटेस डच भाषेत ‘याखपात’ म्हणतात; घोडे हाकून नावा ओढण्याच्या जुन्या व्यवसायाची स्मृती त्या शब्दात आहे. फलकावरील क्रमांकात ती नाही.