नाव बदललं, लॉगिन अडलं

प्रात्यक्षिक परीक्षेच्या सकाळी छत्रपती संभाजीनगरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या लॅबमध्ये एक वाक्य हमखास कानी पडतं : "सर, लॉगिन होत नाहीये." मग घाईघाईनं पासवर्ड बदलून दिला जातो. बऱ्याचदा तरीही काही होत नाही, आणि वेळ मुलाचा जातो.

लिनक्स माणसाला आत घेण्याआधी दोन वेगळ्या चौकशा करतं. या नावाचं कुणी आहे का, त्याचा ओळख-क्रमांक म्हणजे युआयडी किती, होम फोल्डर कुठे, हे एनएसएस विचारतं. पासवर्ड खरा की खोटा, हे पॅम पाहतं. अशा लॅबमध्ये दोघांनाही उत्तर मिळतं ते सहसा एकाच मध्यवर्ती डिरेक्टरीकडून, म्हणजे एलडॅपकडून. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात टिम हाउज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३च्या सुमारास एक्स.५०० या अवजड मानकाला हा हलका पर्याय दिला, तो माणसांची माहिती शोधण्यासाठी. युनिक्सची खाती अशा डिरेक्टरीत कशी नोंदवायची, हे १९९८च्या आरएफसी २३०७नं सांगितलं.

म्हणून आधी 'गेटएंट पासडब्ल्यूडी' ही आज्ञा विद्यार्थ्याच्या लॉगिन-नावासह चालवावी. ओळ आलीच नाही, तर पासवर्डचा इथं संबंधच नाही. नेटवर्क, पोर्ट ३८९, एनएसस्विचची फाइल तपासावी. ओळ आली आणि तरी लॉगिन अडलं, तर पॅमकडे वळावं. इथं एक गोष्ट फार फसवते. सर्टिफिकेटची मुदत संपून टीएलएस, म्हणजे सांकेतिक जोडणी, जमली नाही, तर यंत्र आणि डिरेक्टरी यांच्यातला दुवा असलेली एसएसएसडी ही सेवा उघड्या वाटेनं पासवर्ड पाठवतच नाही. तिच्या कॅशेमुळे नाव दिसत राहतं आणि दोष मुलाच्या स्मरणशक्तीला दिला जातो.

या शहराला आणखी एक अडचण जवळची आहे. २०२३मध्ये शहराचं 'औरंगाबाद' हे नाव अधिकृतपणे बदललं. एखाद्या संस्थेच्या डिरेक्टरीच्या मुळाशीच 'औरंगाबाद' असेल आणि ते बदललं, तर प्रत्येक नोंदीचा पूर्ण पत्ता बदलतो. ज्या यंत्रावर जुना पत्ता राहिला, त्याच्या शोधाला ओपनएलडॅप हा डिरेक्टरी सर्व्हर ३२ क्रमांकाची त्रुटी देतो : अशी नोंद नाही. पण त्याच जुन्या पत्त्यानं ओळख पटवू गेलं, तर ४९ मिळते : ओळखपत्रं अवैध. कोणती नावं अस्तित्वात आहेत हे परक्याला कळू नये, म्हणून ही मुद्दाम ठेवलेली सावधगिरी आहे आणि मला ती पटते. पण ४९ दिसली की पासवर्डच चुकला, असं धरून चालणं बरोबर नाही.

डिरेक्टरीच्या मुळाचं नाव बदलायचं तर 'स्लॅपकॅट'नं सगळ्या नोंदी बाहेर काढाव्या लागतात, दुरुस्त करून 'स्लॅपअॅड'नं परत भराव्या लागतात, मग प्रत्येक यंत्रावरचा पत्ता सुधारून एसएसएसडीची कॅशे साफ करावी लागते. युआयडीचे आकडे मात्र तसेच ठेवावेत. फायलींची मालकी त्या आकड्यावर असते. आकडा हलला, तर लॉगिन होऊनही मुलाला स्वतःचाच प्रोजेक्ट उघडता येत नाही.