तोंड सारखं कोरडं पडतंय? आधी गोळ्यांचा डबा तपासा

तुमच्या घरातलं कोणी प्रत्येक घासाबरोबर पाण्याचा घोट घेतं का? पोळी घशाखाली उतरत नाही, तोंडाला चव नाही, अशी तक्रार करतं का? ‘वय झालं, चालायचंच’ म्हणून त्याकडे दुर्लक्ष करू नका. तोंड कोरडं पडण्याचं कारण बरेचदा वय नसून रोज घेतली जाणारी औषधं असतात.

लाळेचं काम मोठं

आपल्या तोंडात दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. घास ओला करणं, चव जिभेपर्यंत पोहोचवणं, दातांवरचे अन्नकण धुणं आणि आम्लाचा जोर कमी करणं ही सगळी कामं ती करते. म्हणूनच लाळ कमी झाली की दात झपाट्याने किडू लागतात, तोंडाला वास येतो, कवळी टोचते आणि बुरशीचा संसर्गही होऊ शकतो.

कारण शोधा

ॲलर्जी, नैराश्य आणि वारंवार लघवी होण्यावरची काही औषधं, तसंच रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या, लघवीचं प्रमाण वाढवणाऱ्या गोळ्या यांमुळे तोंड कोरडं पडू शकतं. मात्र स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका. सगळ्या औषधांची यादी करून डॉक्टरांना दाखवा. ते डोस, वेळ किंवा औषध बदलू शकतात.

मधुमेह, तंबाखू, तोंडाने श्वास घेण्याची सवय आणि डोक्या-मानेला दिलेलं रेडिएशन हीसुद्धा कारणं असू शकतात. तोंडाबरोबर डोळेही कोरडे पडत असतील, तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आराम कसा मिळेल?

● एकदम तांब्याभर पाणी पिण्यापेक्षा दिवसभर थोडं थोडं प्या. डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल, तर ते प्रमाण पाळा.

● पोळी आमटीत किंवा दुधात कुस्करून खा. मऊ भात, ताक, पातळ भाज्या सहज गिळता येतात. तोंडाची आग होत असेल, तर ठेचा आणि लोणचं काही दिवस बाजूला ठेवा.

● लाळ सुटावी म्हणून साखर नसलेलं च्युइंगम चघळा. खडीसाखर किंवा लिमलेटच्या गोळ्या सतत चघळू नका. कोरड्या तोंडात साखर दातांवर रेंगाळते. लिंबाची फोड चोखल्याने लाळ सुटते खरी, पण त्यातलं आम्ल दात झिजवतं.

● चहा-कॉफी कमी करा. तंबाखू, सुपारी आणि मद्य टाळा. माउथवॉश अल्कोहोल नसलेलाच घ्या.

● दिवसातून दोनदा फ्लोराइडयुक्त टूथपेस्टने दात घासा. रात्री कवळी काढून स्वच्छ करून पाण्यात ठेवा.

● झोपेत लाळ आणखी कमी होते, म्हणून उशाशी पाणी ठेवा. नाक चोंदत असेल तर त्यावर उपचार घ्या. औषधांच्या दुकानात कृत्रिम लाळेचा स्प्रे किंवा जेल मिळतं, ते दंतवैद्यांना विचारून वापरा.

डॉक्टरांकडे कधी जाल?

हे सगळं करूनही काही आठवड्यांत फरक पडला नाही, गिळायला त्रास होऊ लागला, तोंडात पांढरे चट्टे किंवा जखमा दिसल्या, तर थांबू नका. खूप तहान लागून लघवीलाही वारंवार जावं लागत असेल, तर रक्तातली साखर लगेच तपासून घ्या. दंतवैद्यांकडे नियमित तपासणी करा. वेळीच लक्ष दिलंत, तर दातही टिकतील आणि जेवणाची गोडीही.