पंधराशे रुपये आणि दोन तास

म्हातारपणी माणसाला काय लागतं, असं कुणी विचारलं तर आपण चटकन म्हणतो, चार पैसे आणि मायेची माणसं. गेली बारा-तेरा वर्षं आमच्या महिला मंडळातर्फे मी एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांकडे जाते. त्यावरून सांगते, या दोहोंच्या मधे आणखी एक गोष्ट लागते आणि तिचा हिशेब कुणी मांडत नाही. ती म्हणजे मदतीचा हात. न्हाणीतून बाहेर येताना धरायला, पाण्याची कळशी उचलायला, सकाळची गोळी कुठली नि रात्रीची कुठली ते वाचून सांगायला, बँकेत सोबत यायला. दिवसाचे फार तर दोन तास.

आमच्या आळीतल्या एका आजींचं बघा. वय अठ्ठ्याहत्तर. दोन खोल्या, पुढं तुळस, मागच्या अंगाला संडास आणि तिथं जायला दोन पायऱ्या. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात त्याच पायरीवरून घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, मुलानं पुण्याला नेलं. चार महिन्यांत आजी परत. गावानं लगेच सुनेला बोल लावला. तशी काही ती वाईट नाही हो! नवरा-बायको दोघंही सकाळी आठला बाहेर पडतात ते रात्री सातला येतात. तिसऱ्या मजल्यावरच्या बंद दाराआड आजी एकट्या. त्या म्हणाल्या, “तिथं मी कपाटासारखी एका जागी होते गं. इथं दारात बसलं तर चार माणसं तरी विचारतात.”

आता इथं राहायचं तर त्यांना काय लागलं? पायऱ्यांना पाइपचा कठडा. वेल्डिंगवाल्यानं अठराशे रुपयांत करून दिला. एक कमोडची खुर्ची. आणि एक बाई. पलीकडच्या गल्लीतली एक विधवा बाई सकाळी तास आणि संध्याकाळी तास येते. आंघोळ घालते, कणीक मळून देते, पाणी भरते. महिन्याचे अडीच हजार घेते. ते मुलगा पाठवतो. एवढ्यावर आजी स्वतःच्या घरात, स्वतःच्या मर्जीनं राहताहेत.

पण सगळ्यांचा मुलगा पाठवत नाही आणि सगळ्यांना मुलगा नसतोही. आमच्या गावापासून सहा किलोमीटरवरच्या एका खेड्यात एक आजी आहेत. तिन्ही मुलीच, आपापल्या घरी, मोलमजुरी करणाऱ्या. या आजींना श्रावणबाळ योजनेचे पंधराशे रुपये मिळतात. त्यांत रक्तदाबाच्या गोळ्या, तेलमीठ, विजेचं बिल. बाई ठेवायला उरतं काय? त्यांचं पाणी, भाकरी, आंघोळ सगळं शेजारची सून बघत होती, फुकट. कांदा काढणीचे दिवस आले तशी ती पहाटेच रानात जाऊ लागली. आम्ही गेलो तेव्हा आजींची आठ दिवस आंघोळ नव्हती. ओल्या कपड्यानं कातडी सोललेली. त्या सुनेला कोण कुठल्या तोंडानं बोलणार? तिची दिवसाची मजुरी बुडवून तिनं दुसऱ्याच्या सासूला न्हाऊ घालायचं?

सरकार काही देत नाही असं मी म्हणणार नाही. १९९५ साली केंद्रानं निराधार वृद्धांसाठी पेन्शन सुरू केली तेव्हा ती महिना ७५ रुपये होती. २००७ मध्ये तिला इंदिरा गांधींचं नाव मिळालं तेव्हा केंद्राचा वाटा २०० रुपये होता. ऐंशीच्या आतल्यांसाठी तो त्यानंतर वाढलेला नाही, ऐंशी ओलांडल्यावर ५०० होतो. बाकीची भर राज्य घालतं. महाराष्ट्रात २०१९ मध्ये ६०० चे हजार झाले, जुलै २०२३ पासून पंधराशे. पण श्रावणबाळसाठी कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत असावं ही अट वर्षानुवर्षं राहिली. आज २१ हजारांत वर्ष काढणारं कुटुंब दाखवा मला! आमच्या आळीतल्या आजींचा मुलगा कमावता म्हणून त्या या हिशेबात बसतच नाहीत. मुलानं उद्या पैसे थांबवले तरी कागदावर तो कमावताच.

पेन्शनशिवायही काही गोष्टी झाल्या. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी पार केलेल्यांना एस.टी. फुकट झाली. चांगलीच गोष्ट. पण स्टँडपर्यंत जायचं कसं आणि एस.टी.ची ती गुडघ्याएवढी पायरी चढायची कशी? आमच्या किती तरी आज्यांना फुकटच्या तिकिटाचा उपयोग नाही, कारण बसमध्ये चढवणारं कुणी नाही. २०२४ मध्ये राज्यानं मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. पासष्टीच्या पुढच्यांना, वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल तर, एकदाच ३,००० रुपये. चष्मा, काठी, वॉकर, कमोडची खुर्ची, कमरेचा पट्टा, श्रवणयंत्र अशा वस्तूंसाठी. आम्ही वीसेक अर्ज भरून दिले आणि काही घरी खरोखर फरक पडला. पण वॉकर आणला तरी तो पायरीवरून खाली उतरवून द्यायला माणूस लागतोच.

आणि वृद्धाश्रम. २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक कायद्यात मुलांकडून पोटगी मागता येते हे बऱ्याच जणींना ठाऊक आहे. प्रांताधिकाऱ्यांच्या पातळीवरच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करायचा, वकील लागत नाही. त्याच कायद्यात असंही आहे की राज्यानं निराधार वृद्धांसाठी जिल्ह्यात निदान एक, दीडशे माणसं राहू शकतील असा वृद्धाश्रम काढावा. म्हणजे पोरांनी सांभाळा, नाही तर आश्रमात जा. पण आपल्याच घरात राहायचंय, जरा हातभार हवाय, असं म्हणणाऱ्या आजीसाठी त्यात काय? पुढं घरी येऊन सेवा देणाऱ्या संस्थांचा विचार २०१९ च्या दुरुस्ती विधेयकात झाला होता, ते मंजूर झालं नाही. केंद्राच्या अटल वयो अभ्युदय योजनेतून संस्थांना अनुदान मिळतं, तेही मुख्यतः वृद्धाश्रमांनाच.

वृद्धाश्रम वाईट असं माझं म्हणणं नाही. ज्याला कुणीच नाही त्याला ते हवेत. पण सरकारी पैसा एक तर खात्यावर जातो, नाही तर भिंतींवर. हातावर खर्च करायचं कुणाच्या मनात येत नाही. का येत नाही? मला वाटतं, कारण ते हात आपले असतात. बायकांचे. सुनेचे, लेकीचे, शेजारणीचे. ते फुकट मिळतात अशी सगळ्यांची पक्की समजूत आहे. जी गोष्ट फुकट मिळते तिच्यासाठी अंदाजपत्रकात रकाना कशाला ठेवायचा?

हे काही आपल्याकडेच आहे असं नाही. जपानमध्येही म्हाताऱ्यांची सेवा थोरल्या सुनेनं करायची असा दंडक होता. हिगुची केइको नावाच्या लेखिकेनं आणि तिच्या मैत्रिणींनी १९८३ मध्ये बायकांची एक संघटना काढली आणि ‘हे घराघरातलं दुःख नाही, सगळ्या समाजाचं काम आहे’ असा आग्रह वर्षानुवर्षं धरला. २००० सालापासून तिथं सेवेचा विमा आला. चाळिशीनंतर प्रत्येकानं हप्ता भरायचा, निम्मा खर्च हप्त्यांतून आणि निम्मा करांतून. म्हातारपणी घरी येऊन आंघोळ घालणारी, स्वयंपाक करणारी बाई त्यातून मिळते. साधारणपणे खर्चाचा दहावा हिस्सा आपण द्यायचा.

जपान श्रीमंत देश, तुम्ही म्हणाल. मग केरळ बघा. २००८ मध्ये तिथल्या सरकारनं अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या सेवेचं धोरण केलं आणि जबाबदारी ग्रामपंचायती-नगरपालिकांवर दिली. पंचायतीच्या पैशातून नर्स आणि गाडी, नर्स घरोघर जाते, जखमा धुते, नळी बदलते, घरच्यांना अंग कसं पुसायचं ते शिकवते. सोबतीला गावातले स्वयंसेवक. ही सेवा मुख्यतः आजाऱ्यांसाठी, हे खरं. पण पंचायतीच्या पैशातून कुणी तरी माणूस म्हाताऱ्याच्या दारात येतं, ही वाट तिथं रुळली आहे.

एका सभेत मी हे बोलले तेव्हा एक काका उठून म्हणाले, “म्हणजे आता म्हाताऱ्यांची अंगणवाडी काढायची म्हणता!” सगळे हसले. मीही हसले, पण घरी आल्यावर वाटलं, काय चुकीचं आहे? १९७५ पासून सरकार गावातल्याच बाईला मानधन देऊन लेकरांना खाऊ-पिऊ घालतंय. त्यामुळे आयांची माया आटली असं कुणी म्हटलं का? मग म्हाताऱ्यांकडे कुणी बाई गेली तर मुलं जबाबदारी झटकतील, ही भीतीच कशाला? उलट आमच्या आळीत मी बघते, रोजचं अंगावरचं काम दुसरीनं केलं तर सून फोनवर गोड बोलते. फक्त एक करू नका, अंगणवाडी सेविकांना मानधनासाठी जसं पुन्हा पुन्हा रस्त्यावर उतरावं लागलं तसं या बायकांचं व्हायला नको. आजींचं अंग धुणं हे कष्टाचं काम आहे, सेवाभावाच्या नावाखाली ते स्वस्तात उरकायचं नाही.

पैसा आणायचा कुठून? ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला-बालकल्याणावर आणि पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. कितीदा तरी हा पैसा मार्चअखेर घाईघाईनं कुठल्या तरी प्रशिक्षणावर नाही तर भांड्यांच्या सेटवर जातो. गुडघे गेलेली, ऐकू न येणारी, डोळ्यांनी अधू असलेली आजी दिव्यांगांत बसू शकते, हे तिला कुणी सांगतच नाही. चाळीस टक्के अपंगत्वाचा दाखला हवा, तो सरकारी रुग्णालयात मिळतो. त्या खेड्यातल्या चार आज्यांना आम्ही जीप करून नेलं. दोन हेलपाटे झाले, पण तिघींना दाखला मिळाला.

ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते, हेही लक्षात ठेवा. तिथं मांडलेला विषय पुढं जातो. गेल्या वेळच्या सभेत त्या गावातल्या बचत गटानं दोन मागण्या ठेवल्या. दाखला मिळालेल्या तिघींच्या घरी न्हाणीला आणि पायरीला कठडे, आणि त्याच तीन घरांत रोज दोन तास जाणारी बाई. कठड्यांचं भाऊसाहेबांनी लगेच लिहून घेतलं, पाच टक्क्यांत बसतं म्हणाले. बाईचा खर्च घरामागे महिना अडीच हजार, तीन घरांचे वर्षाला नव्वद हजार. त्यावर ते डोकं खाजवत म्हणाले, “ताई, हे कुठल्या हेडखाली टाकू?” आम्ही म्हटलं, महिला-बालकल्याण. तिन्ही म्हाताऱ्या महिलाच आहेत की, आणि काम मिळणाऱ्याही महिलाच. त्यांनी पंचायत समितीत विचारून सांगतो म्हटलंय.

छोट्या ग्रामपंचायतीला नव्वद हजार जड जातात, हे आम्हालाही कळतं. गावातल्या सगळ्या एकट्या आज्यांना पुरायचं तर पैसा राज्याकडूनच यायला हवा. म्हणून ठरावाच्या खाली आम्ही आणखी एक ओळ लिहायला लावली, की ही मागणी जिल्हा परिषदेकडे आणि पालकमंत्र्यांकडेही पाठवावी. सूचक म्हणून त्या शेजारच्या सुनेनं सही केली. अनुमोदन एका आजींचं, त्यांचा अंगठा. तुमच्या गावी असा ठराव मांडणार असाल तर आमच्या कागदाची झेरॉक्स मंडळाकडून जरूर मागवा. हेडचं उत्तर आलं की तेही कळवीन.