जिन्याखालचा त्रिकोण आणि पुस्तकांचे खण

घराच्या आराखड्यात जिन्याखालची जागा कोणी मुद्दाम काढत नाही. चढत्या पायऱ्यांना पोटाशी धरणारी तिरपी स्लॅब, खालची जमीन आणि बाजूची भिंत यांच्यामध्ये ती आपोआप उरते आणि बहुधा तिचा उपयोगही आपोआपच ठरून जातो. डहाणू तालुक्यातील चिंचणीसारख्या किनाऱ्यावरच्या गावात जुन्या कौलारू घरांच्या माळ्यावर चढणारे लाकडी जिने आहेत, तशीच तारापूरचे अणुऊर्जा केंद्र १९६९ मध्ये सुरू झाल्यानंतरच्या आणि बोईसरची औद्योगिक वसाहत वाढल्यानंतरच्या काळातील सिमेंटची दुमजली घरेही आहेत. दोन्हींकडे या त्रिकोणात पाण्याचा पंप, इन्व्हर्टरची बॅटरी, जादा सिलिंडर, चपला आणि गणपतीच्या मखराचे सामान यांची गर्दी आढळते. हाच त्रिकोण पुस्तकांना देणे शक्य आहे आणि इष्टही आहे, मात्र त्यासाठी कामाची सुरुवात सुताराच्या करवतीपासून न होता भिंतीच्या तपासणीपासून व्हावी लागते.

समुद्रालगतच्या गावात पुस्तकांना खरा धोका पावसाच्या थेट पाण्यापेक्षा हवेतील आणि भिंतीतील ओलीचा असतो. हवेतील सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाला हवा जितकी वाफ धरू शकते तिच्या तुलनेत प्रत्यक्षात असलेली वाफ, ६५ ते ७० टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिली की कागदावर आणि बांधणीच्या खळीवर बुरशी धरते, आणि चिंचणीत पावसाळ्याचे सगळे महिने ही मर्यादा ओलांडलेलीच असते. त्यात जिन्याखाली वारा फिरत नाही आणि जोत्यातून वर चढणारी ओल भिंतीच्या गिलाव्यावर क्षारांचा पांढरा थर, म्हणजे लोणा, आणून सोडते. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी फूटभर चौरस प्लॅस्टिकचा कागद भिंतीवर चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावून एक-दोन दिवस ठेवतात; थेंब कागदाच्या भिंतीकडील बाजूस जमले तर ओल भिंतीतून येते आणि आधी गिलाव्याची दुरुस्ती करावी लागते, बाहेरच्या बाजूस जमले तर दोष हवेचा असतो आणि तो वारा खेळता ठेवून सांभाळता येतो. बॅटरीचा प्रश्नही याच टप्प्यावर निकाली काढणे आवश्यक आहे, कारण शिसे-आम्लाची बॅटरी भारित होताना हायड्रोजन वायू सोडते आणि कागदाशेजारी बंद जागेत तिला ठेवणे कोणत्याही कारणाने समर्थनीय नाही.

या कामातील सर्वांत रंजक भाग उताराच्या गणिताचा आहे. पायरीची उंची साडेसहा इंच आणि पाय ठेवण्याची रुंदी दहा इंच असलेला जिना घरगुती बांधकामात सर्रास आढळतो. असा जिना दर दहा इंच पुढे जाताना साडेसहा इंच वर चढतो आणि त्याच्या खालची स्लॅबही त्याच उताराने चढते. मराठी पुस्तकांचा सर्वाधिक रुळलेला आकार डेमी, म्हणजे सुमारे साडेपाच बाय साडेआठ इंच. बोट घालून पुस्तक काढता यावे यासाठी त्याला दहा-साडेदहा इंच उंचीचा कप्पा पुरतो. आता उभ्या फळ्या अठरा-अठरा इंचांवर लावल्या तर एका खणापासून दुसऱ्या खणापर्यंत उंची सुमारे पावणेबारा इंचांनी वाढते, आणि त्यातून पाऊण इंच फळीची जाडी वजा केली की बरोबर एका डेमी ओळीची जागा हाती येते. पहिल्या खणात एक कप्पा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन आणि अर्ध्या जिन्यावरच्या सपाट टप्प्याखाली येणाऱ्या चौथ्यात चार, अशी रचना जुळते. आडव्या फळ्या एका रेषेत राहतात आणि सुमारे चौदा फूट लांबीची पुस्तकांची रांग मिळते. खण दोन फुटांचे केले तर हा मेळ मोडतो, कारण दर खणाला एक कप्पा आणि वर सुमारे एक तृतीयांश कप्पा इतकी उंची वाढते आणि तो वरचा तुकडा कोणत्याच पुस्तकाच्या उपयोगाचा राहत नाही. अनुभवी सुतार हे सूत्र कागदावर मांडत नसला तरी तो पुठ्ठ्याचा फर्मा, म्हणजे जागेच्या नेमक्या आकाराचा कापलेला नमुना, स्लॅबला टेकवून पाहतो, ओळंब्याने उभी रेषा घेतो आणि सरकत्या गुण्यात उताराचा कोन पकडूनच लाकडावर खूण करतो. जिना नकाशात सरळ दिसला तरी गिलाव्यानंतर त्याचे पोट क्वचितच सरळ असते.

अठरा इंचांचा आणखी एक फायदा वजनाशी निगडित आहे. दाटीने लावलेल्या पुस्तकांच्या एका फुटाचे वजन साधारण आठ ते दहा किलो भरते आणि समान भार असलेल्या फळीचा मध्यावरचा झोल तिच्या लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे आधारांमधले अंतर दुप्पट झाले तर झोल सोळा पट होतो. जाडी वाढवून हा झोल कमी करता येतो, पण अंतर आटोक्यात ठेवणे अधिक स्वस्त आणि अधिक खात्रीचे आहे.

खोलीबाबत मात्र मतभेद होतात. जिना तीन फूट रुंद असतो आणि पुस्तकाला दहा इंच पुरतात, तेव्हा उरलेल्या दोन फुटांचे काय करायचे, हा प्रश्न प्रत्येक घरात विचारला जातो. चाकांवर बाहेर ओढता येणारे खोल खण हे त्याचे आकर्षक उत्तर आहे. जपानमध्ये एदो काळापासून ‘काइदान-दान्सु’ नावाची, ओढखणांनी भरलेली आणि स्वतःच जिना असलेली पेटी वापरात होती, आणि आजचे फर्निचर त्याच कल्पनेवर चालते. परंतु तीन कप्प्यांच्या, तीन फूट खोल खणात पुस्तकांचे वजन ७० ते ९० किलोपर्यंत जाते, तर नेहमीच्या टेलिस्कोपिक चॅनेलची जोडी ३५ ते ४५ किलोच पेलते. भार खालच्या चाकांवर घेतला नाही तर असा खण लवकरच खाली घासू लागतो. चिंचणीच्या हवेत त्यापेक्षा साधे उत्तर योग्य ठरते: दहा इंच खोलीची उघडी मांडणी पुढच्या कडेला उभी करावी, मागची पोकळी बंद न करता वाऱ्यासाठी मोकळी सोडावी, आणि टोकाच्या अगदी ठेंगण्या कोपऱ्यात पुस्तक कोंबण्याचा हट्ट धरू नये. दरवाजे लावलेले बंद कपाट धूळ अडवते हे खरे, पण ओलीलाही आत कोंडते, आणि या किनाऱ्यावर धूळ झटकणे बुरशी पुसण्यापेक्षा पुष्कळ सोपे आहे.

लाकडासाठी सागाचा गाभा, म्हणजे खोडाचा आतला गडद भाग, सर्वोत्तम, कारण त्यातील नैसर्गिक द्रव्यांमुळे वाळवी सहसा लागत नाही. बाहेरच्या फिकट लाकडाला हे संरक्षण नसते. प्लायवूड घ्यायचे तर आयएस ७१० हे मानक असलेले, म्हणजे पाण्याने पदर न सुटणारे, घ्यावे, आणि कापलेली प्रत्येक कड सीलबंद करावी. साधे लोखंडी खिळे खाऱ्या हवेत गंजून लाकडावर काळे डाग सोडतात, म्हणून पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे स्क्रू वापरणे श्रेयस्कर. ज्या जुन्या लाकडी जिन्यांत दोन पायऱ्यांमधली उभी फळी नसते, तिथे पावलांची माती थेट पुस्तकांवर पडते आणि ती फट आधी बंद करावी लागते. वरून पावले जाणार आणि खाली ग्रंथ राहणार, हा संकोचही अनेक कुटुंबांत खरा असतो. पुस्तकाला पाय लागला तर नमस्कार करणाऱ्या समाजात तो गांभीर्यानेच ऐकला पाहिजे, आणि पोथ्या, धर्मग्रंथ दुसरीकडे ठेवून बाकीचे वाचनाचे साहित्य इथे आणले तर त्याचा मान राहतो.

कागद किती नाजूक आहे याची जाणीव या गावाला वेगळी करून द्यावी लागू नये. चिंचणीत सापडलेल्या ताम्रपटांपैकी शके ८४८, म्हणजे इसवी सन ९२६ च्या ताम्रपटात राष्ट्रकूटांच्या वतीने संजाणचा कारभार पाहणाऱ्या मुहम्मद नावाच्या ताजिक, म्हणजे अरब, अधिकाऱ्याचा उल्लेख आजही वाचता येतो. तांब्याने जे सहज केले ते छापील पुस्तकाकडून करवून घ्यायचे तर दर पावसाळ्यानंतर पुस्तके बाहेर काढून सावलीत वारा देणे, कप्प्यांत वेखंडाचे तुकडे ठेवणे आणि खळ खाणाऱ्या कसरीचा माग काढणे ही कामे करावीच लागतात.

शेवटचा भाग मांडणी पक्की बसवण्याचा आहे. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी परिसरात भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाल्यामुळे इथे कोणतीही उंच मांडणी नुसती टेकवून ठेवणे धोक्याचे आहे. मात्र ती स्लॅबच्या पोटात स्क्रू मारून अडकवू नये, कारण जिन्याच्या मुख्य सळ्या त्याच पोटात, बहुधा जेमतेम २० मिलिमीटर काँक्रीटच्या आड असतात, आणि तिथे पाडलेल्या छिद्रातून खारी हवा त्यांच्यापर्यंत पोहोचते. आधार बाजूच्या विटांच्या भिंतीतून पट्ट्या पुढे आणून घ्यावा, खालची फळी जमिनीपासून चार इंच उचललेली असावी, आणि प्रत्येक कप्प्याच्या पुढच्या कडेला अर्ध्या इंचाची उभी पट्टी ठोकावी, जेणेकरून धक्का बसला तरी पुस्तके घसरून खाली येत नाहीत.