वर्त्मपात शस्त्रक्रिया
वर्त्मपात शस्त्रक्रिया ही डोळ्याची खाली ओघळलेली वरची पापणी उचलून योग्य जागी आणण्यासाठी केली जाणारी शस्त्रक्रिया आहे. ‘वर्त्म’ म्हणजे पापणी आणि ‘पात’ म्हणजे पडणे. वैद्यकीय व्यवहारात या विकाराला टोसिस असे म्हणतात. ही शस्त्रक्रिया केवळ सौंदर्यासाठी केली जाते, असा समज आढळतो. तो अपुरा आहे. पापणीने बाहुली झाकली गेल्यास प्रौढाचे दृष्टिक्षेत्र आखडते आणि लहान मुलाच्या दृष्टीचा विकासच खुंटू शकतो. उलटपक्षी, काही प्रकारच्या वर्त्मपातात शस्त्रक्रियेची मुळीच आवश्यकता नसते. त्यामुळे पापणी का पडली, हे ठरवणे ही उपचाराची पहिली पायरी होय.

पापणीची रचना
वरची पापणी उचलण्याचे मुख्य कार्य लेव्हेटर हा स्नायू करतो. तो नेत्रखोबणीच्या मागील भागातून निघून पुढे येतो आणि एका पातळ, चिवट कंडरेच्या पडद्याने पापणीतील टार्सस या ताठ पट्टीला जोडला जातो. मेंदूतून निघणारी तिसरी चेता त्याला चालना देते. त्याच्या खाली म्युलर हा लहान स्नायू असून तो पापणी सुमारे २ मिलिमीटर उचलून धरतो. कपाळाचा फ्रंटॅलिस स्नायू भुवया वर ओढून अप्रत्यक्ष साहाय्य करतो. निरोगी व्यक्तीमध्ये वरची पापणी पारपटलाचा वरचा १ ते २ मिलिमीटर भाग झाकते.

कारणे
जन्मजात वर्त्मपातात बहुधा लेव्हेटर स्नायूचीच वाढ सदोष झालेली असते. स्नायुतंतूंच्या जागी चरबी व तंतुमय ऊती असल्यामुळे तो नीट आकुंचन पावत नाही आणि पूर्णपणे सैलही होत नाही. म्हणून खाली पाहताना सदोष पापणी निरोगी पापणीपेक्षा किंचित वर राहते. काही बालकांत दूध ओढताना किंवा जबडा हलवताना पडलेली पापणी क्षणभर वर उडते. या प्रकाराला मार्कस गन यांचे नाव आहे.

उतारवयात स्नायू ठीक असतो, परंतु त्याची कंडरा ताणली जाते किंवा टार्ससपासून सुटते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर अथवा अनेक वर्षे कडक कॉन्टॅक्ट लेन्स वापरल्यानेही असे होऊ शकते. मायस्थेनिया ग्रेव्हिस या आजारात पापणी सकाळी बरी असते व दिवस चढेल तशी जड होत जाते. तिसऱ्या चेतेची दुर्बलता, पापणीवरील गाठ आणि मार ही अन्य कारणे होत. वयामुळे पापणीची केवळ कातडी सैल होऊन लोंबणे हा वेगळा प्रकार असून त्यावर जादा कातडी काढण्याची निराळी शस्त्रक्रिया केली जाते.

लहान मुलांतील महत्त्व
बालपणी डोळ्याने स्पष्ट प्रतिमा पाहिली तरच मेंदूतील दृष्टिकेंद्राचा विकास होतो. पापणीने बाहुली झाकली असल्यास, किंवा पापणीच्या दाबाने पारपटलाचा आकार बदलून सिलिंडरचा नंबर आल्यास, मेंदू त्या डोळ्याकडून येणारी प्रतिमा दुर्लक्षित करू लागतो. यालाच ‘आळशी डोळा’ म्हणतात. असे मूल हनुवटी वर करून किंवा भुवया ताणून पाहते. हा दोष वेळीच न सुधारल्यास पुढे पापणी उचलूनही दृष्टी पूर्णपणे परत येत नाही.

बाहुली झाकलेली असल्यास पहिल्या वर्षातही शस्त्रक्रिया करावी लागते. बाहुली मोकळी व दृष्टीची वाढ व्यवस्थित असल्यास सामान्यतः ३ ते ५ वर्षांच्या वयापर्यंत थांबतात. मात्र या काळात नियमित नेत्रतपासणी अनिवार्य असते. शस्त्रक्रियेने आळशी डोळा आपोआप बरा होत नाही. त्यासाठी चश्मा आणि चांगल्या डोळ्यावर ठरावीक वेळ पट्टी बांधणे हे उपचार स्वतंत्रपणे करावे लागतात.

शस्त्रक्रियेपूर्वीची तपासणी
बाहुलीवर पाडलेल्या प्रकाशाचे प्रतिबिंब आणि वरच्या पापणीची कड यांतील अंतर मोजतात. ते सामान्यतः ४ ते ५ मिलिमीटर असते. त्यानंतर भुवई अंगठ्याने दाबून धरून रुग्णास पूर्ण खाली व मग पूर्ण वर पाहण्यास सांगतात. या वेळी पापणीची कड जितकी सरकते, तितकी लेव्हेटरची शक्ती मानली जाते. निरोगी स्नायूत ती सुमारे १५ मिलिमीटर असते. ४ मिलिमीटर किंवा त्याहून कमी असल्यास स्नायू दुर्बल समजतात. शस्त्रक्रियेची पद्धत मुख्यतः या मापावरून ठरते. बाहुलीचा आकार, डोळ्यांची हालचाल, अश्रूंचे प्रमाण आणि डोळा मिटताना बुबुळ वर वळते की नाही, हेही पाहिले जाते.

प्रमुख पद्धती
लेव्हेटरची शक्ती समाधानकारक असल्यास पापणीच्या घडीत छेद घेऊन स्नायूचा काही भाग कमी करतात किंवा सुटलेली कंडरा टार्ससला पुन्हा टाक्यांनी जोडतात. प्रौढांमध्ये हे काम बहुधा स्थानिक भुलेखाली होते. त्यामुळे रुग्णास मध्येच डोळे उघडण्यास सांगून पापणीची उंची जुळवता येते. लहान मुलांना पूर्ण भूल द्यावी लागते.

सौम्य वर्त्मपातात फेनिलेफ्रिनचे थेंब घातल्यावर पापणी वर येत असेल, तर पापणीच्या आतील बाजूने म्युलर स्नायूचा भाग कमी करण्याची पद्धत वापरतात.

लेव्हेटर फारच दुर्बल असल्यास तो आखूड करून पुरेसा लाभ होत नाही. अशा वेळी पापणी कपाळाच्या फ्रंटॅलिस स्नायूला आतून जोडतात. हे ‘टांगणे’ मांडीतील फॅशिया लाटा या चिवट ऊतीच्या पट्टीने किंवा सिलिकॉनच्या दोरीने केले जाते. त्यानंतर रुग्ण भुवई उचलून पापणी उघडतो. अगदी लहान बालकाच्या मांडीतून पुरेशी ऊती मिळत नसल्याने त्याच्यासाठी बहुधा सिलिकॉन वापरतात.

मर्यादा व धोके
पापणी अपेक्षेपेक्षा कमी किंवा जास्त उचलली जाणे आणि दोन्ही डोळ्यांत फरक राहणे या नेहमीच्या अडचणी आहेत. काही वेळा दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते. दोन्ही पापण्यांना समान चालना मिळत असल्याने, एक उचलल्यावर दुसरी किंचित खाली येऊ शकते. पापणी पूर्ण मिटत नसल्यास पारपटल कोरडे पडून जखम होण्याचा धोका असतो. म्हणून शस्त्रक्रियेनंतर कृत्रिम अश्रूंचे थेंब व रात्री मलम वापरण्यास सांगतात. टांगण्याच्या शस्त्रक्रियेनंतर मूल झोपेत डोळा थोडा उघडा ठेवते. डोळ्यामागे रक्तस्राव होऊन दृष्टीस धोका पोहोचणे ही दुर्मीळ, पण गंभीर गुंतागुंत आहे.

शस्त्रक्रिया नको असलेला वर्त्मपात
अचानक आलेला वर्त्मपात हे तातडीच्या आजाराचे लक्षण असू शकते. त्यासोबत तीव्र डोकेदुखी, दुहेरी दिसणे किंवा बाहुली मोठी होणे आढळल्यास मेंदूतील रक्तवाहिनीच्या फुगवट्याची शक्यता तपासावी लागते.

रत्नागिरीसारख्या कोकणातील जिल्ह्यात सर्पदंशाचा विचार अगत्याचा ठरतो. नाग व मण्यार यांचे विष चेता आणि स्नायू यांच्यातील संदेशवहन रोखते आणि त्याचा परिणाम बहुधा सर्वप्रथम पापण्यांवर दिसतो. मण्यार प्रायः रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसास चावते. दंश फारसा दुखत नाही व खूणही सहज सापडत नाही. पोटात दुखणे, पापण्या मिटू लागणे, गिळता व बोलता न येणे आणि शेवटी श्वास थांबणे असा क्रम दिसू शकतो. मिटणाऱ्या पापण्या म्हणजे झोप समजून रुग्णास जागे ठेवण्याची धडपड करण्यात मोलाचा वेळ जातो. खरी गरज प्रतिसर्पविष व प्रसंगी कृत्रिम श्वासोच्छ्वासाची असते. फुरशाचे विष मात्र मुख्यतः रक्त गोठण्याच्या क्रियेवर परिणाम करते. त्यात हे लक्षण सहसा नसते. विषाचा अंमल उतरल्यावर पापण्या शस्त्रक्रियेविना पूर्ववत होतात.

मायस्थेनियातही प्रथम औषधोपचारच करतात. तिसऱ्या चेतेच्या दुर्बलतेत मूळ कारणाचा शोध घेऊन, सुधारणेसाठी काही महिने वाट पाहून मगच शस्त्रक्रियेचा विचार होतो.

इतिहास
सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ७६ नेत्ररोग वर्णिले असून त्यांपैकी २१ पापणीचे आहेत. त्यांतील ‘वातहतवर्त्म’ हा हालचाल गमावलेल्या पापणीचा रोग काही अभ्यासक वर्त्मपाताशी जुळवतात. सुश्रुताने तो असाध्य मानला आहे. पूर्वी अनेक शतके पापणीची कातडी कापून आखूड करणे एवढाच उपाय ज्ञात होता. प्रत्यक्ष लेव्हेटर स्नायूवरील शस्त्रक्रिया एकोणिसाव्या शतकात सुरू झाल्या. एव्हरबुश यांनी १८८३ मध्ये कातडीच्या बाजूने छेद घेण्याची पद्धत मांडली. टोरांटो येथील क्रॉफर्ड यांनी १९५६ मध्ये फॅशिया लाटाने टांगण्याची सुधारित रीत प्रसिद्ध केली, तर १९६१ मध्ये फॅसानेला व सर्व्हाट यांनी सौम्य वर्त्मपातासाठी आतील बाजूने करावयाची शस्त्रक्रिया सुचवली.

बालकांची तपासणी
भारतात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथून झाला. त्याअंतर्गत फिरती वैद्यकीय पथके अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा व शाळकरी मुलांची वर्षातून एकदा तपासणी करतात आणि गरजेनुसार पुढील उपचारासाठी पाठवतात. मान उंचावून पाहणारे किंवा एक डोळा अर्धवट मिटलेले मूल पालक, अंगणवाडी सेविका किंवा शिक्षक यांच्या लक्षात आल्यास पथकाच्या फेरीची वाट न पाहता त्यास नेत्रतज्ज्ञाकडे नेणे हितावह असते.